कपाटाऐवजी आलेलं घड्याळ

नत्थुजी धामणगावला गेले होते कपाट आणायला. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगचं जुनं सामान निघालं होतं आणि बायकोला, मैनाबाईंना, लुगडी ठेवायला कपाट पाहिजे होतं. भाजीच्या गाडीतून घरी उतरलं ते मात्र माणसाहून उंच, साखळीला वजन टांगलेलं सागवानी घड्याळ.

"याले बी दार आहे," नत्थुजी म्हणाले, "आतून पोकळ आहे. लुगडे मावतीन." (मावत नव्हती. आत लंबक होता.)

मैनाबाईंनी लुगडी पुन्हा गाठोड्यात बांधली.

त्यात घड्याळ चालेना! चार टिकटिका टाकायचं आणि गप्प व्हायचं. गावातला जो तो येऊन विचारी, "नत्थुजी, किती वाजले?" शेवटी एका दुपारी, मैनाबाई वांगी घेऊन बाजाराला गेल्यावर, नत्थुजींनी घड्याळाच्या पेटीखाली विटेचा तुकडा सरकवून ती सरळ केली आणि लंबकाला बोट लावलं.

टिक. टक. थांबेचना!

नत्थुजी जमिनीवर बसले, दारातून डोकं आत घालून वर पाहू लागले आणि पाहतच राहिले. ते जड वजन धाडकन खाली यायला टपलेलं. पण नखाएवढ्या पोलादी तुकड्यानं त्याला अडवून धरलेलं. एका वेळी चाकाचा एकच दात सुटत होता. पितळेवर कानशीचे ओरखडे दिसत होते. कोण्या माणसानं एकेक दात हातानं घासला असेल! तो कधीच गेला, पण त्याचा हात अजून चालतोय. नत्थुजींच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात गळ्याला ओढ बसली. वजन खाली येताना साखळीची दुसरी बाजू वर जाते, तिच्यात त्यांच्या दुपट्ट्याच्या दशा अडकल्या होत्या. त्यांनी खाली ओढून पाहिलं, तर टिकटिक अडखळली. चटकन सोडलं.

आता घड्याळ थांबवायचं? प्राण गेला तरी नाही! साखळी हळूहळू वर निघाली, तसे नत्थुजीही. आधी मांडी मोडली, मग उकिडवे झाले, मग अर्धे उभे. एका हातानं त्यांनी घड्याळाची कड धरली.

शेजारचा धर्मपाल डोकावला. "काय करून राहिले, नत्थुजी?"

"घड्याळ चालवून राहिलो."

बघता बघता अर्धी आळी जमली.

"दुपट्टा कापा."

"अरे, नवा आहे!"

"मंग लंबक धरा."

"हात लावशीन तं पाहून घे!"

धर्मपालनं पाट आणून, पडलेच तर म्हणून, खाली सरकवला. सगळे श्वास रोखून टिकटिक ऐकत राहिले. (चेष्टा करणारे हेच.)

दिवेलागणीला मैनाबाई आल्या. टोपली खाली ठेवली, गर्दीतून वाट काढली आणि नवऱ्याच्या गळ्यातला दुपट्ट्याचा वेढा डोक्यावरून अलगद काढला.

नत्थुजी मटकन पाटावर बसले. घड्याळ चालूच होतं.

"दुपट्टा अटकला होता," मैनाबाई म्हणाल्या. "तुमी काहून लटकले होते?"