वाघमारेसाहेबांची कुमक

वाघमारेसाहेब माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, कॉलरकडे बघतात. आम्ही अंबरनाथला या बिल्डिंगीत राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवलं, मान वाकडी करून माझी कॉलर न्याहाळली आणि म्हणाले, "लाल हवी होती. लाल कॉलर आणि गडद निळा कोट. तुमच्या मिशीला शोभला असता." मनात म्हटलं, झालं! वरच्या मजल्यावर, थेट डोक्यावर वेडाच बसवून घेतला.

वेडे नव्हते हो. एका कारखान्याच्या टूलरूममधून अधिकारी म्हणून रिटायर झालेले. कारखान्याने एकदा मशीन बघायला त्यांना जर्मनीला पाठवलं होतं. बाकीचे साहेब येताना चॉकलेटं आणि परफ्यूम घेऊन आले, आणि हे करंगळीच्या पेराएवढे शिशाचे शिपाई घेऊन आले. जर्मनी एक होण्याआधी तिथे प्रशिया नावाचं राज्य होतं, त्याचं पायदळ. डोक्यावर टोकदार टोप, अंगात लाल कॉलरचा गडद निळा कोट, छातीवरून तिरकी गुंडाळलेली घोंगडी. एवढ्याने भागेना म्हणून साहेबांनी घरीच साचा बनवला आणि गॅसवर शिसं वितळवून फौज वाढवायला घेतली. रविवारी सगळ्या बिल्डिंगीत मटणाचा वास आणि त्यांच्या घरातून शिशाचा!

शिपाई औषधाच्या बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, बूच डाव्या हातात धरायचं आणि दोन-तीन केसांच्या ब्रशने रंगवायचं. एक हात मारला की वाळू द्यायचं, मग दुसरा. "वाळू द्या" हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. सोसायटीच्या मिटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून लोक एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, तेव्हा हे मागून शांतपणे म्हणायचे, "वाळू द्या. ओल्यावर हात मारलात की बरबटतं." आणि लोक खरंच आपापल्या खुर्चीवर जाऊन बसायचे.

निळा रंग मनासारखा मिळेना तेव्हा खिशात शिपाई टाकून, शेअर रिक्षाने थेट उल्हासनगर कॅम्प तीनला गेले. तिथल्या एका जीन्सवाल्या शेठपुढे शिपाई ठेवून म्हणाले, हाच रंग पाहिजे. शेठ चष्मा लावून बराच वेळ बघत राहिला आणि हात जोडून म्हणाला, "साईं, इस साइज में पँट नहीं बनता."

लोडशेडिंगवर तर त्यांचा भयंकर राग. ऐन दुपारी लाइट गेली की वीज कचेरीत फोन. "अहो, माझी अख्खी पलटण अर्ध्या कॉलरवर अडकलीय!" पलीकडून कोणीतरी अदबीने विचारलं म्हणे, "कुठली पलटण साहेब? होमगार्ड का?"

हा खेळ एकट्याचा नाही. फासे टाकत टेबलावर लढाई खेळायची, तर समोर शत्रू हवा. शत्रू म्हणजे ऑस्ट्रिया, पांढऱ्या कोटांची फौज. ती होती सुमनवहिनींकडे, म्हणजे साहेबांच्या मिसेसकडे. हॉलमधल्या बुद्धाच्या मूर्तीकडे बोट दाखवून त्या म्हणायच्या, "यांच्या देखत काय हाणामारी लावलीय?" म्हणून पौर्णिमेला युद्धबंदी. दोन्ही फौजांवर चादर पडायची. पण रविवारी त्याच वहिनी मांडीत मेथीची जुडी घेऊन निवडता निवडता पांढऱ्या बाजूचे फासे टाकायच्या.

वहिनी गेल्या आणि साहेबांना शत्रूच उरला नाही. सेक्रेटरीला विचारून झालं, दूधवाल्याला विचारून झालं. मलाही विचारलं. मी म्हटलं, "साहेब, मला सापशिडीत शिडी सापडत नाही, मी कसला लढतोय?"

पण एका रविवारी गच्चीवर जाताना त्यांचं दार उघडं दिसलं. साहेब निळ्या बाजूला बसून फासे टाकत होते. मग उठले, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसले, पांढऱ्यांचे फासे टाकले. परत उठले, परत इकडे. मला ते बघवेना. चपला काढल्या आणि सरळ जाऊन पांढऱ्या बाजूला बसलो.

साहेबांनी आधी खरी लढाई कशी झाली ते समजावलं. सकाळी पांढरे निकराने लढले, दुपारी निळ्यांच्या युवराजांची कुमक आली आणि पांढऱ्यांची दाणादाण उडाली. कुमक फ्रिजवर मांडलेली होती. निळेच निळे, टेबलावरच्यांपेक्षा जास्त, काहींचा रंग अजून ओला. माझे पांढरे मात्र चुन्यात बुडवून काढल्यासारखे, आणि सगळ्यांचे ओठ गुलाबी!

"साहेब, हे काय?"

"सुमनने रंगवलेत. नेलपॉलिशने. म्हणाली, मरायला निघालेत बिचारे, तोंड तरी हसरं असू दे."

एक बटण चुकलं तर अख्खा कोट खरवडून काढणारा हा माणूस. त्या ओठांना त्याने हात लावला नव्हता.

खेळ सुरू झाला आणि अहो आश्चर्य, मी जिंकत चाललो. निळे मागे हटत हटत टेबलाच्या कडेला आले. मीच शेवटी म्हटलं, "बोलवा की आता कुमक!"

"नाही पोचत," साहेब म्हणाले. "वाटेत चिखल आहे."

जरा वेळाने परत विचारलं. अजून चिखलच.

"पण साहेब, मगाशी तुम्हीच तर सांगितलंत, दुपारी आली म्हणून."

साहेब एक पडलेला पांढरा शिपाई उचलून उभा करत बसले. "इथेही एकदा आणली होती मी. पहिल्याच डावाला. सुमनचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, मी एवढे रंगवले आणि तुम्ही मागून येऊन मारलेत? तेव्हापासून चिखल आहे."

"मग रोज नवीन कशाला रंगवता?"

"कुमक निघायला तर हवी ना, पाटणकर. निघाली नाही तर वाट कसली बघायची? पण पोचली की डाव संपतो. मग तुम्ही खाली जाणार."

मी फासे उचलले. तेवढ्यात खालून बायकोने हाक मारली, पानं वाढलीत म्हणून. मी खिडकीशी जाऊन ओरडलो, "तू जेवून घे गं! वाटेत चिखल आहे!"

आणि परत पांढऱ्या बाजूला येऊन बसलो.