धुळे रस्त्याचे नाना

मागून ट्रक आला, की नाना हँडलवरचा एक हात सोडून ट्रकवाल्याला सांगतात, "व्हा पुढं, आलोच!" ट्रक जातो, एसटी जाते, एकदा तर केळीनं भरलेला ट्रॅक्टरही गेला. नाना सगळ्यांना तेच आश्वासन देतात.

नाना आमचे जळगावातले शेजारी. वायरमन म्हणून निवृत्त झाले आणि साठी उलटल्यावर लांब पल्ल्याच्या सायकल मोहिमांत उतरले. दोनशे किलोमीटर तुडवून ठरलेल्या वेळेत परत यायचं. नंबर कुणालाच नाही. "ही शर्यत नव्हे, बरं का," असं नाना बजावतात, विशेषतः सगळ्यांच्या शेवटी आल्यावर. तंग चड्डी घालून ते गल्लीतून निघाले, की काकू घाईनं दार लावून घेतात.

डॉक्टरांनी माझी साखर बघून डोळे वटारले, तेव्हा नानांनी मला शिष्य केलं. खिशात केळी कोंबायची, चढावर बोलायचं नाही, उतारावर माजायचं नाही. एक गोष्ट मात्र मला कळेना. नाना फक्त धुळ्याच्या मोहिमेत नाव द्यायचे. अजिंठ्याकडची? "चढ आहे." बऱ्हाणपूरकडची? "वारा आहे." धुळ्याच्या रस्त्याला काय पंखे बंद असतात?

माझ्या पहिल्याच मोहिमेत पारोळा मागे पडलं आणि एका हिरव्या घरासमोर नाना उतरले. पंप काढून मागच्या चाकात हवा भरू लागले. मी चाक दाबून पाहिलं. दगड!

"नाना, हवा आहे की."

"असू दे. अजून थोडी."

समोर ओट्यावर त्यांच्याच तोंडवळ्याचा एक म्हातारा मोठ्या नेटानं दुसरीकडे बघत बसला होता.

धुळ्यात चहा घेताना नाना आपणहून बोलले. तो त्यांचा धाकटा भाऊ, शांताराम. दोघं त्याच घरात वाढले. शांतारामच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांना फेटे बांधले, नानांना बांधायचा राहिला. नाना जेवणाच्या पंगतीतून उठून आले. तेव्हापासून बोलणं नाही.

"दरवेळी थांबतो मी. तो बोलत नाही."

"मग तुम्ही बोला."

"मी मोठा आहे रे," नाना म्हणाले. चहा तसाच राहिला.

परतताना ऊन चढलं होतं. हिरव्या घरापाशी नाना पुन्हा उतरले, पुन्हा पंप. धापा टाकत होते, पण थांबेनात. अखेर शांताराम ओट्यावरून उठला, रस्ता ओलांडून आला आणि त्यानं पंप हातातून घेतला.

"दे इकडे. दम लागना तुले."

आणि तोही त्या टम्म चाकात हवा भरू लागला! नाना बघत राहिले. दोघांपैकी एकानंही चाक दाबून पाहिलं नाही. फट्ट! ट्यूब फुटली.

सीटखालच्या पिशवीत जादा ट्यूब होती. सकाळी माझ्यासमोरच भरली होती. मी पिशवीकडे हात नेला. नानांनी तो हळूच बाजूला केला.

"ट्यूब नाही माझ्याकडे. तू हो पुढं. वेळेत पोच."

मी सायकलवर बसलो. पायडल मारणार तोच मागून नानांचा आवाज आला. जळगावात त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या बोलीत ते घरामागच्या, आईनं लावलेल्या कडुलिंबाची चौकशी करत होते,

"मांगे मायना हातनं निंबनं झाड व्हतं. शे का रे आजून?"

"शे ना," शांताराम म्हणाला. "चाल, देख."