कॅमशाफ्ट पालटिला त्याची हकीकत

श्रीगजानन आणि श्रीइंजिन उभयतां प्रसन्न असोत. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, सोमवार, ते दिवशी एका चारचाकी राज्यात वर्तमान घडले ते ऐसे जे: या मोटारीने दोन लक्ष चाळीस हजार किलोमीटर मुलूख तुडविला होता, आणि तिचे धनी दामोदरपंत, निवृत्त पोस्टमास्तर, तिजवर फार जीव लावून होते. इंजिनाचे पोटी कॅमशाफ्ट नामे दांडा नांदतो. झडपा केव्हा उघडाव्या, केव्हा मिटाव्या, हा हुकूम त्याचा. तो दांडा झिजला आणि राज्यात खडखडाट माजला, आणि ऐन त्याच समयी पंतांचे कुटुंब उमाबाई यांस माहेराहून सांगावा आला की आईंनी अंथरूण धरिले, दसऱ्यास लेकीस पाहू म्हणतात. माहेर घाटापलीकडे, सणास तिकडे एस.टी. जाईना, आणि खंडेनवमीची हत्यारे पूजेस मांडिल्यामुळे एकही गॅरेजवाला पान्यास हात लावीना. मग पंतांनी नवा दांडा आणविला आणि पुस्तक उघडून अंगणातच मोहीम आरंभिली.

दांड्याचे टोकास दातेरी पुली, आणि पुलीवरून पट्टा. पट्टा बसविताना कोणता दात इंजिनाचे खुणेसमोर यावा याची पुलीवरील मूळची खूण झिजून गेलेली, म्हणून पंतांनी देवघरातील कुंकू खोबरेल तेलात कालवून त्या समयी खुणेसमोर असलेल्या दातावर टिळा लाविला, आणि मग पुली उतरवून वर्तमानपत्रावर ठेविली आणि जेवावयास गेले. मागे उमाबाई आल्या आणि वर्षाचे रीतीप्रमाणे समस्त पाने, हातोडी आणि पुली यांची यथासांग पूजा करित्या जाहल्या. मन आईपाशी, तरी एकही हत्यार वगळिले नाही.

पंत परतोन पाहतात तो पुलीचे दोन दात लाल! मधे तीन दातांचे अंतर. पंतांचे अवसान गळाले. आजवर गाडीस घरच्या कोणाचा हात लागू दिला नाही आणि आज हा घात झाला, ऐसे नाही नाही ते बोलिले, आणि शेवटी म्हणाले, "एक दात चुकला की झडपा पिस्टनवर आपटणार आणि इंजिन संपणार. मग आईंचं तोंड दिसायचं नाही तुला."

बोलिले आणि तत्क्षणी पस्तावले. उमाबाईंनी डोळ्यांस पदर लाविला नाही. त्या पुलीकडे टक लावून बसल्या, आणि मग शांतपणे पुसत्या जाहल्या, "तुम्ही आधी हळद लावली होती?"

"हळद कशाला लावू?"

"मी हळदीशिवाय कुंकू लावत नाही. कापूस आणा."

एक दात पुसिला. लाल निघाले, आणखी लाल निघाले, आणि खाली तेलकट लोखंड. पंतांस तेवढ्याने भरवसा येईना. दुसरा पुसिला आणि कापसाचे कडेस पिवळी रेघ उमटली. पहिला दात पंतांचा ठरला, त्यावर पुनः टिळा लाविला, आणि उभयतांनी निःश्वास टाकिला. पूजिलेले हत्यार विसर्जनापूर्वी उचलू नये हा कुळाचार, परंतु उमाबाईंनी पान्यास नमस्कार केला आणि स्वहस्ते तो पंतांचे हाती दिला. मग नवा दांडा बसला, त्यावर पुली आणि पट्टा चढला, आणि पंत इंजिन हाताने फिरवू लागले. अर्ध्या वेढ्यात पाना जड जाहला. पंत थांबले, कपाळी घाम, उमाबाईंचे ओठ हलताहेत. किंचित जोर केला, आणि सुटला. दोन वेढे पुरे जाहले, कोठे अटकाव नाही. दिवेलागणीस चावी फिरविली आणि राज्य बोलू लागले.

दशमीस पहाटे निघोन दोन प्रहरी माहेरी पावले. आईंनी लेकीचा हात धरिला तो सोडीनात. क्षीण स्वरे म्हणाल्या, "जावईबापू, आणलंत हो माझ्या पोरीला."

पंत खाली पाहून म्हणाले, "मी नाही आणलं. हिनंच आणलं मला."

घडले तितुके लिहिले, पदरचे काही घातले नाही. आई कोजागरीचे दुसरे दिवशी निवर्तल्या. लेकीची भेट मात्र जाहली.