अण्णांचं बाहेरचं कुलूप

दिंद्रुडजवळच्या आमच्या दूध सोसायटीचे सचिव, दत्तोबा अण्णा, रोज दुपारी बाहेरून कुलूप लावून घ्यायचे आणि आत बसून काम करायचे. झाडलोट आणि दूधमापणी माझ्याकडे, म्हणून किल्लीही माझ्याच कमरेला.

"लावा कुलूप, गयाबाई. कुनी इचारलं तर सांगा, अण्णा न्हाई."

"आन् शिंक आली मंजी?"

"तुमी खोका."

दार उघडं दिसलं की चारजण आत शिरायचे, चहा मागवायचे, एका अर्जावर सहा बोटं पडायची. अण्णा म्हणायचे, "बसून बोललं की लई ग्वाड वाटतं, पन कागूद कोराच ऱ्हातो." कुलूप पाहून माणसं घरी थोडीच जातात? ती पायरीवर टेकायची, आणि गप्पांत सगळ्यांत पुढं मी.

दुष्काळाच्या साली सरकारी चारा मिळणार होता. पण घरोघरची जनावरं लिहून यादी दुसऱ्या सकाळी माजलगावला तहसिलीत पोचायला हवी. आणि दाराला कुलूप! पायरीवर लोक पेटले.

"सचिव कुठं दडलाय गं? जनावरं मरायलीत हितं!"

मी झाडलेलंच पुन्हा झाडत राहिले.

"आन् तू आज कावून मुकी झालीस?"

"दाढ दुखायलीय."

एवढी गप्प मी जन्मात बसले नव्हते.

दिवेलागणीच्या आधी खिडकीच्या गजांतून यादी बाहेर आली. एकेक घर, एकेक जनावर. कुणाची गाय गाभण, कुणाच्या बैलाचा पाय अधू, सगळं बरोबर. मघाशी पेटलेले लोक यादीवर वाकून आपापली जनावरं शोधायला लागले. शेवटच्या ओळीत माझं नाव: म्हैस एक, डावं शिंग मोडकं. माझी म्हैस लिहा, असं मी तर म्हटलंच नव्हतं. सोसायटीत कामाला असून आपलंच पुढं करायचं, मला बरं दिसेना.

"अण्णा, हे समदं कोनी सांगितलं?"

"तुमीच. रोज पायरीवर सांगता की. कुलूप दाराला हाय, माझ्या कानाला न्हाई."

त्या चाऱ्यावर माझी म्हैस जगली. माझं घरही तिच्यावरच होतं.

अण्णा निवृत्त झाले. घरी एकटेच. एकदा मी दही द्यायला गेले, तर त्यांनी घराची कुलूप-किल्ली माझ्या हातात ठेवली.

"आता कसलं काम, अण्णा?"

"काम न्हाई." ते आत वळले. "पायरीवर बसा जरा. बोला काईबी. मी आत हाय."

मी कुलूप पदरात ठेवलं, दार सताड उघडं टाकलं, पायरीवर बसले आणि म्हशीपासून सुरुवात केली.