तंबूतला एकशे दोन ताप

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, समोर एक तळं आहे. काठावर निळा तंबू. तंबूला चेन आहे. चेन ओढली की आत तुमचं एकट्याचं राज्य! बाहेर बेडकांची शाळा भरली आहे, वर चांदण्या. आणि हे सगळं घरापासून फक्त दोन तासांवर! दिसलं? छान. आता उघडा डोळे. कारण हर्षाला हे गेली दोन वर्षं असंच, डोळे मिटल्यावरच दिसत होतं.

हर्षाचे आजोबा गणपतराव कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं बॉयलरवर होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी नागपूरच्या सदर बाजारातून चौघांचा तंबू आणला आणि नऊ वर्षांच्या नातीला शब्द दिला, "शनिवारी जायचं, रविवारी परत. एक रात्र तंबूत!"

पण आपल्याकडे वाटेत नातेवाइकाचं घर लागलं आणि न थांबता पुढे गेलं, तर तो माणूस तेराव्याच्या जेवणापर्यंत ते बोलून दाखवतो. म्हणून रामटेककडे निघाले, तर मुक्काम आत्याकडे पडला. पेंचकडे निघाले, तर मावसआजीकडे पुरणपोळ्या खाऊन झोपले. तंबू डिकीतच!

"आजोबा," हर्षा म्हणाली, "आपल्या तंबूनं सारे नातेवाईक पाहिले. तळंच नाही पाहिलं."

हे गणपतरावांना फार लागलं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी हर्षाचे आईबाबा ड्यूटीवर गेले आणि यांनी मिशीवरून हात फिरवला. "या वेळी प्लॅन पक्का! एवढा मोठा बॉयलर सांभाळला मी. एक साळा नाही सांभाळता येत?"

साळा म्हणजे मेहुणा चंपतराव, हर्षाच्या शोभाआजींचा धाकटा भाऊ, भिवापूरचा मिरचीवाला शेतकरी. तळं होतं भिवापूरच्या सहा किलोमीटर पुढे, आणि चंपतरावांचं घर होतं बरोबर हमरस्त्यावर. प्लॅन एवढाच, की घर आलं की सगळ्यांनी मान खाली घालायची.

"माह्या माहेरासमोरून मी चोरासारखी जाऊ?" शोभाआजी कडाडल्या.

"एका मिनिटाचा तर प्रश्न आहे वं! पोरीकडे पाह्य जरा."

शोभाआजींनी नातीकडे पाहिलं आणि निमूटपणे पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला. गणपतरावांनी मफलर असा गुंडाळला की नुसते डोळे उरले. हर्षा सीटखाली गेली. भिवापूर आलं. चंपतरावांच्या अंगणात मिरची वाळत होती, जणू कोणी लाल सतरंजीच अंथरली होती. आणि बरोबर त्या अंगणासमोर, म्हशीच्या पाठीएवढा गतिरोधक! गाडी वरातीच्या चालीनं त्याच्यावर चढली, थांबल्यासारखी झाली, उतरली. मिरची हलवणाऱ्या चंपतरावांनी मान वर केली. पण तोवर गाडी पार!

"जिंकलो!" गणपतराव ओरडले.

तळ्यावर पोचताच तंबू उभा राहिला, शेजारी तीन दगडांची चूल मांडली गेली. हर्षा आत जाऊन चारही कोपऱ्यांत एकेकदा लोळून आली. आणि तेवढ्यात गणपतरावांचा फोन वाजला.

"भाऊजी, आत्ता तुमच्यासारखीच गाडी गेली इथून!"

"आमची? नाही गा! मी तर घरी आहे, कोराडीले." एवढ्यावर थांबायचं! पण थापेला टेकू लावल्याशिवाय माणसाला राहवत नाही. "झोपून राहिलो ना. ताप आहे मले. एकशे दोन!"

"अरे बाप रे! अन् मले सांगितलं नाही? पडून राहा, आम्ही निघालोच!"

फोन बंद. गणपतरावांचा चेहरा खरोखरच तापल्यासारखा दिसायला लागला. "तंबू गुंडाळा! चंपतच्या आधी कोराडी गाठाची. मी पांघरूण घेऊन पडतो."

"त्याच्या आधी?" शोभाआजींनी विचारलं. "रस्ता एकच आहे. त्याले मागं टाकाले गेले, तर तो खिडकीतून हात दाखवन!"

"मंग मागून जाऊ."

"मंग तो कुलूप पाहून नागपुरातले सारे दवाखाने पालथे घालन!"

दोघं वाद घालत राहिले. हर्षा मात्र तंबूत शिरली आणि मधला दांडा दोन्ही हातांनी धरून बसली. तिसऱ्यांदा तंबू डिकीत जाणार होता.

तासाभरानं पुन्हा फोन. "भाऊजी, नऊ जण आहो! नत्थूचा टेम्पो काढला. सुभद्रानं स्वयंपाक उचलून आणला. उमरेड आलं. ताप उतरला का?"

"वाढला गा! एकशे तीन!" गणपतरावांच्या तोंडून निघून गेलं.

"कोणी सांगितलं होतं वाढवाले?" शोभाआजींनी कपाळावर हात मारला.

हर्षा तंबूतून बाहेर आली. तिनं आजोबांच्या हातातून फोन घेतला. "मामाआजोबा, आजोबाले ताप नाही. आम्ही तळ्यावर आहो. तुमच्या घरासमोरून मान खाली घालून गेलो. मले तंबूत झोपाचं होतं म्हणून."

पलीकडून एवढी मोठी आरोळी, की तळ्यावरचा बगळा उडाला. "नत्थू, वळव टेम्पो!"

दिवस मावळताना टेम्पो आला. आजारी माणसाला भेटायला निघालेले नऊ जण त्यातून उतरले.

"काहून गा भाऊजी?" चंपतराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आमच्या घरात वाघ बांधला होता?"

"चुकलो गा," गणपतराव म्हणाले.

"ताप आहे ना? औषध आणलं." चंपतरावांनी भाकरीवर भिवापुरी मिरचीच्या ठेच्याचा पेढ्याएवढा गोळा ठेवला. "घ्या!"

गणपतरावांनी तो खाल्ला. कान लाल झाले. डोळ्यांतून, नाकातून, कपाळावरून एकदमच पाणी सुटलं. त्यांनी अर्धी घागर रिकामी केली.

"उतरला का ताप?"

"खानदानाचा उतरला!"

सगळे पोट धरून हसले. वांग्याच्या भाजीवर आडवा हात मारून झाला आणि चंपतराव उठले. "चला, सामान भरा. साळ्याचं घर एवढ्याजवळ असताना कापडात झोपता काय?"

हर्षानं आजोबांकडे पाहिलं. पण गणपतराव आता ठेचा पचवलेले गणपतराव होते! ते म्हणाले, "जाऊ की. पण एकदा आत शिरून पाह्य तरी गा."

चंपतराव तोंड वाकडं करून आत शिरले. आडवे झाले. मग आतून आवाज आला, "अरे, हे तर भारी आहे गा!" नवऱ्याचा आवाज ऐकून सुभद्राबाई बघायला गेल्या. "सरका जरा!" मग नत्थू. मग बाकीचे. बाहेर कोणी येईना. भिवापूरचा मुक्काम रद्द! गणपतरावांनी मिशीला पीळ भरला. ठरल्या जागी, ठरल्या रात्री तंबूत मुक्काम. जिंकलेच ते!

फक्त एवढंच, की चौघांच्या तंबूच्या दारातून अठरा पाय बाहेर आले होते, आणि हर्षा उशी घेऊन बाहेर उभी होती.

मुलांनो, नेहमी खरं बोलावं, हे सांगायला मी ही गोष्ट काढली होती. मघाशीच थांबलो असतो तर बरं झालं असतं. कारण हर्षानं थोडा विचार केला, आणि मोठ्यानं हाक दिली, "चहा झाला!"

चहाला नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे अजून जन्मायचा आहे. एका मिनिटात अठराही पाय चुलीभोवती गोळा झाले. चूल थंड होती. मागे चेन ओढल्याचा आवाज आला, सर्रकन.

"चहा कुठं आहे वं, हर्षा?" चंपतरावांनी विचारलं.

तंबूतून उत्तर आलं, "ठेवा ना मंग!"