पोरीचा कार्यक्रम

खुशबूचा फोन आला तेव्हा परसराम अंगणात खाटेवर बसून चहा पीत होता. पोरगी शहरातल्या विद्यापीठात पर्यावरण शिकवायची. आता विद्यापीठाने ठरवलं होतं, की हवामानबदलावरचे उपाय वर्गात कोंडून ठेवायचे नाहीत, तालुक्या-तालुक्यात जाहीर कार्यक्रम घेऊन लोकांना सांगायचे. साकोलीचा कार्यक्रम खुशबूच्या वाट्याला आला होता.

"बाबा, मागच्या वेळी आमचे सर बोलले, तं समोर नुसत्या खुर्च्या," ती म्हणाली. "सरांनी खुर्च्यांलेच नमस्कार केला न् खाली बसले. मले तं धाकधूक होऊन राहिली."

"तू भाषणाचं पाह," परसराम म्हणाला. "खुर्च्यांचं मी पाहतो."

परसरामने उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली होती. रिकामी सीट त्याला बघवत नसे. गाडी सुटण्याआधी तो स्टँडभर फिरून लोक गोळा करी, आणि त्यातल्या काहींना बऱ्याच पुढे गेल्यावर आठवे, की आपल्याला जायचं होतं दुसरीकडेच. पण गाडी भरलेली असे.

त्याच हुरुपाने तो आपल्या एकोडी गावात घरोघर फिरला. हवामान, तापमान असलं काही काढलं तर माणसं दारातूनच पळतील, हे तो जाणून होता. म्हणून त्याने ते गाळलं. "रविवारी पोरीचा कार्यक्रम आहे साकोलीले. मोठ्या हॉलमधी. घरचं कार्य समजून या."

ढिवर मोहल्ल्यातल्या सखाबाईने जाळं विणता विणता मान वर केली. गावातल्या कोणत्याही कार्याला तिच्यावाचून शोभा नसे. "बरं झालं बाप्पा. आमी कवाची वाट पाहून राहिलो. पावणे कोठचे?"

"विद्यापीठाचे."

"शिकलेले असतीन."

"सगळे डॉक्टर आहेत."

"सगळे?"

"सगळेच्या सगळे," परसराम अभिमानाने म्हणाला.

सखाबाईने जाळं बाजूला ठेवलं आणि ही बातमी सांगायला ती शेजारी गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की परसरामने डॉक्टरांचं घर गाठलं.

रविवारी गावातल्या इतवारी नावाच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली खच्चून भरली. उरलेले एसटीने, मोटरसायकलींनी निघाले. बाया जरीच्या लुगड्यांत, गडी इस्त्रीच्या सदऱ्यांत. परसरामच्या बायकोने, मंगलाबाईने, त्याला कोपराने ढोसलं. "अवो, हे एवढे नटूनथटून कायले आले?"

"विद्यापीठाचा मान ठेवला त्यायनं," परसराम म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता.

हॉलच्या पायऱ्यांवर सखाबाईने पिशवीतून स्टीलचा चकचकीत गंज, म्हणजे मोठं पातेलं, काढून पदराने पुसला, तेव्हा मंगलाबाईला राहवलं नाही. "सखामाय, हे कायले?"

"आता आहेर कायले आणते माणूस?"

मंगलाबाईने मागे वळून पाहिलं. कुणाच्या हातात ताटं होती, कुणाच्या हातात साडीचं पाकीट, कुणी पाण्याचं पिंप डोक्यावर आणलं होतं. ती नवऱ्याला ओढत खांबामागे घेऊन गेली.

"तुमी गावाले सांगितलं तरी काय?"

"पोरीचा कार्यक्रम आहे म्हणून."

"न् पुढं?"

"पुढं काय?"

"त्यायले वाटलं, पोरीचं जुळलं. साखरपुड्याले आले सगळे."

परसराम खांबाला टेकला. खरं सांगावं, तर हॉल घटकेत रिकामा. न सांगावं, तर पोरगी माईकसमोर उभी राहणार आणि समोरची माणसं नवरदेव शोधणार. कंडक्टरने प्रवाशांना अर्ध्या वाटेत उतरवू नये, असं स्वतःशी म्हणत तो खांबामागेच थांबला.

लोकांना नवरदेव शोधायला वेळ लागला नाही. खुशबूसोबत शिकवणारा अश्विन नावाचा उंच तरुण, नवा कुर्ता घालून स्टेजवर प्रोजेक्टरची वायर जोडत होता. बायांनी त्याच्या गळ्यात हार घातला. चंद्रपूरकडचा तो पोरगा. एकोडीत स्वागताची हीच रीत असेल असं समजून त्याने खाली वाकून सगळ्यांच्या पाया पडायला सुरुवात केली. बाया खूश झाल्या.

"तुमी काय करता जी?" सखाबाईने विचारलं.

"मी पाण्यावर काम करतो, माय."

"न् घरी?"

"घरीही पाणीच भरतो. एकटाच राहतो."

"गुणाचा आहे," सखाबाईने मागच्या रांगेला कळवलं.

खुशबू हे सगळं पाहत होती. तिने खांबाकडे नजर टाकली. बाप छताचा पंखा निरखत होता. लहानपणापासून ती या माणसाच्या गाडीतून फिरली होती. काय घडलं असेल ते तिला कळलं. शेजारी बसलेल्या तिच्या विभागप्रमुख बाई मात्र भारावून गेल्या होत्या. एवढी गर्दी त्यांनी आजवर विद्यापीठाच्या पदवीदानालाच पाहिली होती.

खुशबूने माईक हातात घेतला. लिहून आणलेलं शुद्ध भाषण टेबलावरच राहिलं.

"मायबाप हो, पहिले खरं सांगतो. माहं लगन नाही जुळलं. साखरपुडा नाही, पंगत नाही. चहा-बिस्कुट आहे. ऊन काहून वाढलं, पाणी काहून असं येडंवाकडं पडून राहिलं, न् आपल्या हातात काय आहे, हे सांगाले मी आलो. ज्याले जायचं असन त्यानं खुशाल जावं. मले राग नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. काहीजण उठले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. इतवारी ट्रॅक्टर घेऊन डिझेल भरायला गेला होता.

"बसा तं मंग," सखाबाई मोठ्याने म्हणाली. "जरीचं नेसून आलो, काहीतरी आयकून जाऊ."

खुशबू बोलायला लागली. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, सतत पाणी साचून राहिलं, की चिखलातून मिथेन नावाचा वायू निघतो, तो हवा तापवतो. म्हणून मधूनमधून पाणी काढून बांधी थोडी सुकू द्यायची, पाणीही वाचतं.

डिझेल भरून आलेला इतवारी दारातूनच म्हणाला, "माह्या बांधीतून गॅस निघते? मंग मी सिलिंडर कायले आणतो?"

हॉल हसला. खुशबूही हसली. "इतवारीभाऊ, तो धरता नाही येत. धरता येते तो शेणाचा. तुमच्या चार म्हशी आहेत, त्यायच्या शेणावर गोबरगॅस करा, घरचा सैपाक होईन."

मग लोक विचारू लागले. कुणी गाड्यांच्या धुराचं काढलं, तेव्हा खुशबूने उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवायला सांगितलं. सखाबाईने विचारलं, की उन्हाळ्यात तलाव तापतो, मासोळी मरून वर येते, त्याला काय करावं. खुशबूने गाळ काढून एका कडेला खोल डोह राखायचं सांगितलं, काठच्या पाळीवर झाडं लावायचं सांगितलं. अश्विनने पडद्यावर तसा तलाव दाखवला. हार अजून त्याच्या गळ्यातच होता. परसराम खांबामागून कधी बाहेर आला आणि पहिल्या रांगेत कधी बसला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. पोरगी एवढ्या लोकांसमोर आपल्या बोलीत बोलत होती आणि एकही माणूस जांभई देत नव्हता. त्याने मंगलाबाईकडे पाहिलं. ती पदराने डोळे टिपत होती.

शेवटी सखाबाईने उठून गंज स्टेजवर नेऊन ठेवला.

"सखामाय, हे वापस न्या," खुशबू म्हणाली.

"आहेर वापस नेत नसतात. एवढी बोलली तू, त्याचा समज." मग ताटं आली, साड्या आल्या. पाण्याचं पिंप विभागप्रमुख बाईंच्या पुढ्यात ठेवण्यात आलं.

बाहेर ट्रॅक्टर धडधडत उभा होता. बाया अजून चढायच्या होत्या. सखाबाईने नाक दाबलं. "इतवारी, उभ्या गाडीचं इंजिन कायले चालू ठेवलं? आताच काय आयकलं?"

"माय, सेल्फ..."

"बंद कर म्हणतो ना."

इतवारीने बंद केलं. मग हळूच सांगितलं, "सेल्फ खराब आहे. आता ढकलल्याशिवाय चालू नाही होत."

राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला जरीची लुगडी, इस्त्रीचे सदरे, सगळे ट्रॅक्टरला भिडले. खुशबू भिडली, हारासकट अश्विन भिडला, विभागप्रमुख बाईंनीही एक हात लावला. ट्रॅक्टरने दोन उचक्या दिल्या, काळा धूर सोडला आणि चालू झाला. तो पुन्हा बंद पडेल या धास्तीने इतवारी थांबलाच नाही. "फाट्याच्या उतारावर उभा करतो," असं ओरडत तो रिकामी ट्रॉली घेऊन निघून गेला.

सगळी मंडळी फाट्याकडे पायी निघाली. मधोमध खुशबू, बाजूला हारवाला अश्विन, मागे नटलेलं गाव. चहाच्या टपरीवरचा एकजण उठून उभा राहिला आणि परसरामला म्हणाला, "कोणाची वरात जी?"

परसरामने घसा साफ केला. तो काही बोलायच्या आत मागून सखाबाई म्हणाली, "वरात कायची? आमच्या पोरीचं भाषण होतं."