मासा धरा, लेक न्या

"वर्धा नदीत आजघडीला एखादा मासा जिवंत असंन, तर तो माह्या मेहेरबानीनं!"

शालिकरामने हे वाक्य टाकलं ते लेकीच्या लग्नात, भर पंगतीत, नव्या व्याह्यांच्या शेजारी बसून. बुंदीचा तिसरा लाडू पोटात गेला की माणसाच्या तोंडाला लगाम राहत नाही. खरं सांगायचं तर मोर्शीच्या या संत्रेवाल्याने उभ्या जन्मात तीन मरळ धरल्या होत्या, आणि त्यातली एक आधीच अर्धमेली होती. पण व्याही वामनराव मूळचे हिवरखेडचे असले तरी मिठाच्या खात्यात दरोगा म्हणून पार अलिबागेकडे, समुद्राकाठी नोकरीला. एवढ्या दूरचा माणूस आपली बढाई तपासायला कशाला येतोय!

वामनराव आले नाहीत. त्यांचं पत्र आलं.

लेकीला, शकुनला, सातवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, तेव्हा लेकीला न्यायला येतो, असं शालिकरामने कळवलं होतं. त्यावर वामनरावांचं उत्तर असं: "सूनबाईच्या हातच्या भाकरीची आम्हांस सवय झाली आहे, तिला सोडवत नाही. तथापि आपण मासेमारीत निष्णात आहात. येथे येऊन तीन दिवसांत समुद्रातून गळाने एक मासा धरावा व लेकीस खुशाल न्यावे. न धरल्यास बाळंतपण येथेच."

शालिकरामच्या बायकोने, पार्वताबाईंनी, पत्र ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. लाटणं खाली ठेवलेली पार्वताबाई ही लाटणं उगारलेल्या पार्वताबाईपेक्षा जास्त धोक्याची!

"माही लेक आता समुद्राच्या काठी बाळंत होईन, आन् तुमी बसा मिशा पिळत! कावून बोलले तसं?"

"अवो, इवाई थट्टा करून राहिले."

"थट्टा असो नाई तं काई असो. मासा धरा!"

आता समुद्रातला मासा धरायचा कसा? नदीत पाणी एका जागी असतं, समुद्रात ते अंगावर येतं, एवढंच शालिकरामने ऐकलं होतं. गावात समुद्र पाहिलेला माणूस एकच, नत्थुजी. जर्मनीच्या लढाईत तो मजूर म्हणून बसऱ्याला जाऊन आला होता, आणि तेव्हापासून गावातल्या कोणत्याही विषयावर शेवटचा शब्द त्याचाच असे.

"सोपं हाय," नत्थुजी बिडी काढत म्हणाला. "मासा राह्यते दूर. जेवढा दूर फेकशीन, तेवढा मोठा मासा. आन् एक ध्यानात ठेव, लागला का ढील द्याची नाई. वढाचं!"

झालं! बारा हात लांब बांबू आला. सुताची पिळदार दोरी आली. लोहाराने गळ करून दिला तो एवढा, की त्याला बादली टांगावी. वजनाला तराजूतलं पावशेराचं माप बांधलं. आणि दुसऱ्या दिवसापासून संत्र्याच्या बागेत समुद्रावरची मासेमारी सुरू झाली. पहिल्या दिवशी गळाला तीन संत्री लागली. दुसऱ्या दिवशी पार्वताबाईंचं वाळत घातलेलं लुगडं. तिसऱ्या दिवशी शालिकरामने सगळं बळ एकवटलं, कमरेतून पीळ घेतला आणि दोरी अशी सोडली, की ती कुंपण ओलांडून रस्त्यावर गेली.

"लागला!" शालिकराम ओरडला. खरंच काहीतरी लागलं होतं, आणि ते जोरात पळत होतं!

नत्थुजी पाठ करून वाऱ्याआड बिडी पेटवत होता. त्याने मान न वळवताच हुकूम सोडला, "ढील देऊ नको! वढ!"

शालिकरामने ओढलं. रस्त्यावर रामराव पाटलांची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, चालली होती आणि गळ त्यांच्या फेट्यात रुतला होता. पावशेराचं माप बैलाच्या पाठीवर आदळलं, बैल बिथरले, दमणी वलगावच्या दिशेने सुटली आणि पाटलांचा फेटा मात्र मोर्शीतच राहायचं म्हणू लागला! अठरा हात कापड भोवऱ्याच्या जाळीसारखं उलगडत गेलं. शेवटचा वेढा सुटला तेव्हा पाटील बोडके होऊन गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या मांडीवर बसले होते.

संध्याकाळी शालिकरामला चावडीपुढे बसून तो फेटा पुन्हा बांधून द्यावा लागला. तीनदा. पाटलांना पीळ पसंत पडेना!

तरी पठ्ठ्या डगमगला नाही. "फेटा अठरा हातांचा होता, मासा कितीक असंन?" असं म्हणत तो पार्वताबाईंना आणि संत्र्यांच्या करंडीला घेऊन बडनेऱ्याहून गाडीत बसला. बांबू डब्यात मावेना म्हणून एका खिडकीतून आत आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर असा काढावा लागला. मग मुंबई, मग बोट, मग टांगा! टांग्यातून उतरून त्याने समोर पाहिलं आणि खांद्यावरचा बांबू खाली ठेवला.

"एवढं पानी?" तो म्हणाला. "आन् एकाही झाडाच्या कामाचं नाई?"

पहिल्या दिवशी सकाळी सकाळीच मोहीम निघाली. वामनराव खुर्ची आणि छत्री घेऊन पंच म्हणून आले. त्यांच्या कचेरीतले चार शिपाई बघे म्हणून आले. फक्त समुद्र तेवढा आला नव्हता. ओहोटी होती. शालिकराम त्याला गाठायला अर्धा कोस चिखल तुडवत गेला. गळाला ज्वारीच्या पिठाची घट्ट गोळी लावली आणि नत्थुजीचं स्मरण करून लांबच लांब फेकली. समुद्राने त्या गोळीची एका मिनिटात आंबील केली. शालिकराम चार तास नुसता लोखंडी गळ पाण्यात धरून उभा होता!

"काहो इवाई," तो परतल्यावर वामनराव छत्रीखालून म्हणाले, "मासे मेहेरबानी मागून राहिले का?"

दुसऱ्या दिवशी दुपारची भरती गाठली. शालिकराम गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पण व्याह्याचे टोमणे काही थांबेनात, म्हणून उत्तर द्यायला तो मागे वळला. "असं हाय इवाईबुवा, मोठ्या माशाची वाट पाह्याची असंन तं..."

पुढचं वाक्य लाटेने पूर्ण केलं. पाठीमागून ती आली, शालिकरामला उचललं, दोन कोलांट्या दिल्या आणि वामनरावांच्या खुर्चीपुढे आणून ठेवलं. जाताना टोपी, एक वहाण आणि बांबू घेऊन गेली. धोतर राहिलं ते केवळ पार्वताबाईंच्या पुण्याईने. शिपाई पोट धरून वाळूत बसले!

बांबू परत आणून दिला तो एका म्हाताऱ्या कोळ्याने. त्याने आधी बांबूकडे पाहिलं, मग गळाकडे, मग शालिकरामकडे.

"दादा, कुठला तू?"

"मोर्शीचा."

"म्हंजे कुठं आला?"

"अमरावतीकडे."

"तिथं दर्या नाय?"

"नाई."

"मग बरोबर हाय," म्हातारा म्हणाला आणि निघाला.

शालिकराम ओल्या धोतराने घरी आला. मागच्या दारी शकुन बसली होती. तिने आपली लुगडी घडी करून पेटीत भरून ठेवली होती, वर मोर्शीहून आलेलं एक संत्रं. बापाला पाहून ती हसली आणि म्हणाली, "बाबा, राहू द्या. मी राह्यतो इथं. तुमी बुडसान गिडसान."

शालिकरामच्या घशात खारं पाणी आधीच होतं, त्यात आणखी भर पडली. तो तसाच उलट पावली किनाऱ्यावर गेला आणि म्हाताऱ्याच्या होडीपाशी उभा राहिला.

"आजोबा, मले यातलं काईच येत नाई," तो म्हणाला. हे वाक्य त्याने जन्मात प्रथमच उच्चारलं होतं, त्यामुळे जरा अडखळला. "तुमी शिकवा."

म्हातारा जाळं विणायचा थांबला. "आता कसा मानसात आलास! उद्या सकाळी ये. पानी चढाया लागंल तेव्हा."

सकाळी म्हाताऱ्याने प्रथम तो बादलीचा गळ काढून टाकला आणि बोटाच्या पेराएवढा लावला. पावशेराच्या मापाच्या जागी शिशाचा तुकडा आला. मग त्याने शालिकरामला नुसतंच उभं केलं.

"फेकू नको. आधी बघ. तिथं लाटा फुटतात, फेस दिसतो? तिथं वाळूचा उंचवटा हाय. आन् त्याच्या अलीकडं काळसर, गप पानी? तो चर. मासा तिथं चरतो."

"एवढ्या जवळ?"

"मग काय मक्केला जाऊन चरंल?"

डोक्यातलं कोडं सुटल्यासारखं शालिकरामला झालं. आपण दोन दिवस माशांच्या डोक्यावरून गळ फेकत होतो! म्हाताऱ्याने ओली वाळू उकरून दोन चिंबोऱ्या, म्हणजे बारके खेकडे, काढल्या, त्यांतली एक गळाला लावली. "आन् दर्याकडं पाठ करायची नाय. मासा लागला तर भांडायचं नाय. लाट माघारी जाईल तेव्हा नुसतं धरून ऱ्हा. लाट येईल तेव्हा तिच्याबरोबर मागं चाल. ती आपसूक मासा वाळूवर आनून टाकते."

वामनराव खुर्ची मांडून बसलेच होते. शालिकरामने गळ चरात सोडला. एक लाट गेली, दुसरी गेली, आणि बांबूला हिसका बसला! नत्थुजीचं "वढ!" त्याच्या कानात घुमलं, पण त्याने दात आवळून धरून ठेवलं. लाट आली, तो मागे चालला. लाट गेली, तो थांबला. लाट आली, मागे. मागे, मागे, आणखी मागे! डोळे समुद्रावर, पाय वाळूत, आणि पाठ थेट वामनरावांच्या छातीवर! खुर्ची उलटली, छत्री उडाली, दोन्ही व्याही वाळूत एकमेकांच्या मिठीत पडले. आणि पुढे, फेसात, एक मिशाळ मासा शेपटी आपटत होता!

"शिंगाळा!" म्हातारा ओरडला. "हात लावू नको, काटा..."

शालिकरामने हात लावला होता. अंगठा बघता बघता भरताच्या वांग्याएवढा झाला. पण शुद्ध कोणाला! मासा डोक्यावर धरून तो वाजतगाजत घरी निघाला, मागून वाळू झटकत वामनराव.

"इवाई, हा काई मासा नोहे. शर्त रावसासारख्या मोठ्या माशाची होती."

"पत्रात नाव नोतं लिवलं! मासा तो मासा!"

दोघे भांडत ओट्यावर चढले. शकुन दारात आली. वाऱ्याची झुळूक माशावरून तिच्याकडे गेली, आणि ती नाकाला पदर लावून मागच्या अंगणात धावली. ती जी ओकायला लागली, ती थांबेना!

आतून विहीणबाई आल्या. दुर्गाबाई तीन दिवस यात काही बोलल्या नव्हत्या. आता बोलल्या.

"तीन महिने झाले, या घरात म्या माशाचा खवला येऊ देला नाई! पोरीले वास सोसत नाई म्हनून! आन् तुमी दोघं म्हातारे पैजा लावून राहिले? तिले भाकरीसाठी अडकवून ठेवता? उद्या मी थापतो भाकरी, पाहू कसे खात नाई! पार्वताबाई, पेटी उचला. जिथं दहा कोस मासा दिसत नाई, तिथं न्या पोरीले!"

वामनरावांनी छत्री मिटली. शिंगाळा म्हाताऱ्या कोळ्याच्या घरी गेला.

परतीच्या गाडीत मायलेकी बायकांच्या डब्यात बसल्या. शालिकरामच्या अंगाला अजून वास येतो, म्हणून त्याला शेजारचा डबा मिळाला. लोकांनी सुजलेल्या अंगठ्याची चौकशी केली आणि मग काय विचारता! नाशकाला मासा हातभर होता. मनमाडला त्याला दोन माणसं लागली. भुसावळच्या पुढे वामनराव समुद्रात पडले होते आणि शालिकरामने एका हाताने त्यांना, दुसऱ्याने माशाला बाहेर काढलं होतं!

अकोला स्टेशनात गाडी थांबली तेव्हा समोरचा एक भला माणूस भारावून म्हणाला, "भाऊ, मंग चवीले कसा होता?"

हा प्रश्न शालिकरामला आजवर सुचलाच नव्हता.

"चवीले ना?" त्याने बाहेर प्लॅटफॉर्मकडे पाहत घसा खाकरला. "मासा एक नंबर! पन आमच्या घरच्यायनं रस्सा जरा पातळ केलता."

नेमक्या तेव्हाच भाकरीचं गाठोडं घेऊन पार्वताबाई खिडकीशी आल्या होत्या.

"काय पातळ केलतं म्हने?"